ऐकत नाही तो एकटा, पण सांगतायत चौघं

पत्र असं आहे (थोडं कमी करून देतेय):

"ताई, माझा मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत आहे. गेलं वर्षभर काहीही सांगितलं की पहिला शब्द 'नाही'. आंघोळ नाही, होमवर्क नाही, मोबाईल ठेव म्हटलं की किंचाळणं, पाय आपटणं, परवा तर रिमोट भिंतीवर फेकला. चार वर्षांच्या बहिणीला मुद्दाम चिडवून रडवतो. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी, ते म्हणतात दोन ठेवून दे सरळ होईल आणि कधी कधी स्वतः ठेवतातही. सासूबाई म्हणतात लहान आहे, आमचाही असाच होता. सासरे काही बोलत नाहीत, पण तो रडायला लागला की हळूच आपला मोबाईल त्याच्या हातात देतात. शाळेत बाई म्हणतात उलट उत्तरं देतो, पण अभ्यासात ठीक आहे. मी दिवसभर ओरडते आणि रात्री तो झोपला की रडत बसते. सगळे म्हणतात आईचा धाक नाही. माझंच काही चुकतंय का? याला डॉक्टरकडे न्यायला हवं का? – एक आई, सिडको, नाशिक"

ताई, सगळ्यात आधी ते "आईचा धाक नाही" बाजूला ठेवा. पोरगं ऐकेनासं झालं की आपल्याकडे दोनच निकाल लागतात, एकतर पोराचा स्वभावच वाईट नाहीतर आईचं वळण कमी पडलं, आणि दोन्ही निकालांनी घरात काडीचा फरक पडत नाही. काही मुलं जन्मतःच तापट असतात, त्यांना पटकन राग येतो आणि आला की लवकर उतरत नाही, हे खरं आहे आणि त्यात कुणाचाच दोष नाही. पण तो राग रोज कशावर जाऊन आदळतो आणि त्यातून पोराच्या हाताला काय लागतं, हे घरातल्या मोठ्यांवर असतं. मोठी म्हणजे तुम्ही एकट्या नाही हं. तुमच्या घरात मोठी चार माणसं आहेत आणि चौघं चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत, माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचं मूळ तिथेच आहे.

तुमचीच एक संध्याकाळ घेऊ. साडेआठ वाजलेत, ताटं वाढलीत. तुम्ही किचनमधून आवाज देता, "मोबाईल ठेव, जेवायला चल." उत्तर नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आवाज चढत जातो. चौथ्या वेळी तुम्ही हॉलमध्ये येऊन फोन ओढून घेता, तो किंचाळतो, पाय आपटतो, धाकटी घाबरून रडायला लागते. सासूबाई म्हणतात, "अगं राहू दे, उपाशी झोपेल लेकरू." तुम्ही वैतागून आत निघून जाता, आणि पाच मिनिटांनी आजोबांचा फोन त्याच्या हातात असतो, ताट पुढ्यात असतं आणि घर शांत झालेलं असतं.

आता बघा काय झालं. पोरगा शिकला की साधं "नाही" म्हणून भागत नाही, पण पुरेसा वेळ किंचाळलं की फोन मिळतो. आजोबा शिकले की फोन दिला की रडणं थांबतं. तुम्ही शिकलात की गप्प बसलं की निदान दोन घास तरी पोटात जातात. प्रत्येकाचा त्रास त्या मिनिटाला थांबला म्हणून प्रत्येकजण उद्या परत तेच करणार. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या टीममधली माणसं अशा मुलांच्या घरी जाऊन बसायची आणि कोण काय बोललं, त्यावर दुसऱ्याने काय केलं, त्यानंतर काय झालं, हे बारकाईने टिपून घ्यायची. त्यातून त्यांनी १९८२ साली हे चक्र सविस्तर मांडलं, की घरातली माणसं एकमेकांना नकळत ओरडायला शिकवतात, जो जास्त ताणतो तो जिंकतो, आणि म्हणून पुढच्या वेळी दोघंही थोडं वरच्या पट्टीतून सुरुवात करतात. आज आई-वडिलांना जे ट्रेनिंग दिलं जातं त्यातलं बरंचसं याच कामावर उभं आहे.

यात आणखी एक मेख आहे. तुम्हाला वाटत असेल की आम्ही रोज कुठे देतो, पाचातून तीनदा तर नाहीच म्हणतो. तेच जास्त वाईट पडतं. लॉटरीचं तिकीट रोज लागत नाही म्हणूनच माणूस रोज घेतो ना, तसंच आहे हे, कधीतरी मिळतंय म्हटल्यावर पोरगा प्रत्येक वेळी जीव तोडून प्रयत्न करणार. तो तुम्हाला छळायला करत नाहीये, त्याला घरातलं गणित बरोब्बर कळलंय एवढंच.

म्हणून पहिली पायरी त्याच्याशी काही करायची नाहीच, पहिली पायरी चौघांनी एकत्र बसायची. मिस्टरांची सुट्टी असेल त्या दिवशी, मुलं खाली खेळायला गेली की चहा घेऊन बसा. आणि इथे प्लीज जरा जपून, कारण तुम्ही "तुमच्यामुळे तो बिघडतोय" असं म्हणालात की मीटिंग तिथेच संपली, सासूबाई दुखावणार, मिस्टर मध्ये अडकणार आणि पोराला संध्याकाळपर्यंत वास लागणार की घरात दोन पार्ट्या झाल्यात. त्याऐवजी मदत मागा, म्हणजे सरळ म्हणा की आई, मला एकटीला हे जमत नाहीये, तुमचं तो ऐकतो, मला तुमची मदत पाहिजे. हे खोटंही नाही. आजीचं प्रेम ही त्या पोराची मोठी ठेव आहे, ती काढून घ्यायची नाहीये, फक्त ती किंचाळल्यावर न मिळता न किंचाळल्यावर मिळाली पाहिजे. आजीने त्याला बेसनाचा लाडू जरूर द्यावा, पण फोन आपणहून ठेवून आला म्हणून द्यावा. आजोबांनाही काम द्या, कारण नुसतं "फोन देऊ नका" सांगितलं तर त्यांच्या हातात उरतं काय? साडेआठला "चल रे, जेवायच्या आधी एक चक्कर मारून येऊ" म्हणून खाली घेऊन जाणं हे त्यांचं काम. गप्प बसणारी माणसं बऱ्याचदा असलं काम मनापासून करतात.

त्या बैठकीत नियम फक्त दोन ठरवा. खरंच दोन. एक, फोन किती वेळ आणि कधी बंद. दोन, मारायचं नाही आणि वस्तू फेकायची नाही. बाकी आंघोळ, केस, दप्तर, भाजी टाकणं यावरची भांडणं सध्या सोडून द्या. एक दिवस आंघोळ नाही केली तर काही होत नाही हो. बारा गोष्टींवर लढायला गेलात तर बाराही ठिकाणी हराल, आणि दोनांवर चौघं एक राहिलात तर त्याला पहिल्यांदा कळेल की हे घर बोलतं ते करतं. दोन्ही नियम त्यालाही बसवून सांगा, सगळ्यांसमोर, चांगल्या मूडमध्ये असताना, आणि त्याचं म्हणणं विचारा. साडेआठ वर्षांचा आहे तो. कदाचित म्हणेल की गेमची मॅच अर्ध्यात बंद केली की हरायला होतं म्हणून राग येतो, आणि ते म्हणणं रास्त आहे, मग वेळ संपायच्या आधी दहा मिनिटं सांगायचं आणि नवी मॅच सुरू करायची नाही असं ठरवता येतं. रॉस ग्रीन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं सगळं काम यावरच आहे, की हट्ट करणाऱ्या मुलाला कुठे अडतंय ते शांतपणे त्याच्याकडूनच काढून घ्यायचं आणि तोडगा दोघांनी मिळून शोधायचा. नियम मोठ्यांचाच राहतो, पण तो पाळायचा कसा हे ठरवताना पोरगं सामील असलं की निम्मी लढाई कमी होते.

आता मी जे सांगणार आहे ते तुम्हाला उलटं वाटेल, पण नियम लावायच्या आधी आठ-दहा दिवस एक गोष्ट सुरू करा. रोज पाच-दहा मिनिटं त्याच्याबरोबर खेळायचं आणि त्या वेळात त्याला एकही सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, काही शिकवायचं नाही. तो पुढे, तुम्ही मागे. शीला आयबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात आई-मूल दोघांना एकत्र घेऊन करायची जी थेरपी उभी केली तिची सुरुवातच इथून होते, खोलीत आई आणि मूल खेळतात, थेरपिस्ट काचेच्या पलीकडून बघतो आणि आईच्या कानातल्या यंत्रातून तिला सांगत राहतो की आता काय बोला आणि काय बोलू नका. ती थेरपी मुख्यतः दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, तुमचा थोडा मोठा आहे, पण पत्ते, कॅरम, गॅलरीतलं क्रिकेट, चित्रं, काहीही चालेल. मोबाईल सोडून.

वाचायला सोपं वाटतं पण करायला घ्या म्हणजे कळेल. समजा तो ब्लॉक्सची बस करतोय. आपल्या तोंडातून आपोआप काय येतं? "हा निळा इथे का लावलास? चाकं आधी लाव ना. किती ब्लॉक्स झाले, मोज बरं." तीन वाक्यं आणि तिन्हीत आपण त्याच्या हातातली बस काढून घेतली. त्याऐवजी नुसतं जे दिसतं ते बोला, "निळा वर लावलास. अरे वा, टपावर सामान ठेवायला जागा केलीस." तो म्हणाला "ही शिवशाही आहे" की तुम्ही म्हणा "अच्छा, शिवशाही आहे", बस्स. एक दिवस मनातल्या मनात लक्ष ठेवा की सकाळपासून त्याच्याशी बोललेल्या वाक्यांत ऊठ, चल, आवर, नको, थांब, का केलंस, हे सोडून काय होतं. बऱ्याच आयांना हे बघून रडू येतं, तुम्हालाही आलं तर येऊ द्या, पण स्वतःला दोष देऊ नका, दोन मुलं आणि सहा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे दुसरी वाक्यं उरत नाहीत. म्हणूनच ती पाच मिनिटं मुद्दाम काढायची. आणि ती त्याच्या वागण्यावर अवलंबून ठेवायची नाहीत, ज्या दिवशी त्याने घर डोक्यावर घेतलं त्या दिवशीही ती त्याला मिळालीच पाहिजेत.

शाबासकीचंही तेच. आपल्याकडे तोंडावर कौतुक केलं की पोर शेफारतं असं घट्ट बसलंय. पण ज्या पोराला दिवसभरात फक्त चुकल्यावरच माणसं बघतात ते पोर चुकूनच दाखवणार, त्याला दुसरा रस्ताच दिला नाहीये कुणी. नुसतं "गुड बॉय" नको, काय केलंस ते नाव घेऊन सांगा, "मी एकदाच म्हटलं आणि तू फोन ठेवलास, मला खूप बरं वाटलं." बहिणीशी दोन मिनिटं नीट खेळला तर त्या दोन मिनिटांतच सांगा, रात्रीपर्यंत थांबू नका. आणि मागे शेपूट जोडू नका, "आज कसा शहाण्यासारखा वागलास, रोज का नाही वागत" यातलं पहिलं अर्धं त्याला ऐकूच येत नाही.

आता सांगायची पद्धत. किचनमधून आवाज देणं बंद, जवळ जा, त्याच्याकडे बघा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. "ठेवतोस का रे?" असं विचारलं की "नाही" हे बरोबर उत्तर होतं, म्हणून विचारू नका, सांगा, "फोन इथे टेबलावर ठेव." मग गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. ठेवला तर लगेच वर सांगितलं तसं कौतुक. नाही ठेवला तर एकदाच, आवाज न चढवता, "आत्ता ठेवला नाहीस तर उद्याची वीस मिनिटं कमी", आणि तरी नाही ठेवला तर उद्या खरोखर वीस मिनिटं कमी. चर्चा नाही, भाषण नाही, "मी तुला सतरा वेळा सांगितलं" नाही. शिक्षा छोटी, लगेचची आणि तुम्हाला झेपेल अशीच हवी. रागाच्या भरात "महिनाभर क्रिकेट बंद" म्हणून टाकलं की चौथ्या दिवशी तुम्हालाच तो घरात नकोसा होतो आणि तुम्हीच खाली पाठवता. मारलं किंवा फेकलं तर काही मिनिटं सगळ्यापासून बाजूला, एका कंटाळवाण्या खुर्चीवर, कुणी बोलायचं नाही, झालं की विषय संपला. बाथरूममध्ये कोंडणं, अंधारात, दाराबाहेर उभं करणं, पोलीस येईल म्हणणं, हे अजिबात नको, भीतीने पोर त्या क्षणाला गप्प होतं पण तुमच्यापासून लांबही जातं.

फेकलेली वस्तू त्यानेच उचलायची. फुटली असेल तर काचा मोठ्यांनी काढायच्या, पण नवी आणायला त्याचा हातभार लागू दे, त्याच्या खाऊच्या पैशातले थोडे किंवा घरातलं एखादं काम.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट वाचा आणि घरात वाचून दाखवा. हे सुरू केलं की पहिले काही दिवस तो सुधारण्याऐवजी जास्त बिघडू शकतो. वर्षभर ज्या किंचाळण्याने काम व्हायचं ते होईनासं झालं की तो आधी आणखी जोरात किंचाळून बघू शकतो, प्रत्येक घरात होतंच असं नाही, पण झालं तर नवल नाही. बहुतेक घरं इथेच मोडतात, चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणतं "काही उपयोग नाही याचा" आणि फोन देऊन टाकतं, आणि मग पोराला नवा रेट कळतो. म्हणून तयारी आधीच करा. फेकण्यासारख्या जड आणि काचेच्या वस्तू हॉलमधून उचलून ठेवा. धाकटीला त्या वेळी आजीने आत घेऊन बसायचं, गोष्ट सांगत. आणि शेजारी, हो, हे कुणी बोलत नाही पण फ्लॅटमध्ये राहणारे आई-बाप अर्ध्या वेळा शेजारी काय म्हणतील म्हणून हार मानतात. समोरच्या काकूंना आधीच सांगून टाका की आठवडा-दोन आठवडे आवाज येईल, आम्ही त्याची एक सवय मोडतोय, काळजी करू नका. सांगून बघा, त्याच काकू तुम्हाला धीर देतील.

खालचं तुमच्या मिस्टरांसाठी, त्यांना फोनवर दाखवा.

दादा, तुम्ही दिवसभर मशीनवर उभे राहून घरी येता आणि दारातच तक्रार ऐकता, हात उठतो ते समजू शकते. मारल्यावर पोरगं गप्प होतं हेही खरं. पण तो गप्प होतो म्हणूनच तुम्हाला वाटतं की उपाय लागू पडला, आणि उपाय लागू पडला असता तर परत परत द्यावा लागला नसता. तो त्यातून एवढंच शिकतोय की ज्याच्या अंगात जोर त्याने हात उचलायचा, आणि त्याच्याहून कमी जोराचं माणूस घरात एकच आहे, त्याची धाकटी बहीण. शाळेत शिक्षकांनी मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे ती उगाच नाही. आणि तुमची त्याची भेट जर फक्त शिक्षेपुरतीच होत असेल तर ती बदलणं तुमच्याच हातात आहे, शिफ्ट कुठलीही असो, दिवसातली दहा मिनिटं त्याला द्या, खाली बॉल टाका, गाडी पुसायला बरोबर घ्या. घरात जो निर्णय झालाय त्यावर त्याच्यासमोर बायकोला तोडू नका. पटलं नाही तर रात्री दोघंच असताना भांडा.

डॉक्टरांचं विचारलंत. मी पत्रावरून निदान करू शकत नाही आणि कुणी करत असेल तर विश्वास ठेवू नका, पण डॉक्टर काय बघतात ते सांगते. सतत चिडणं, वाद घालणं, मुद्दाम नियम मोडणं, डूख धरणं या प्रकारच्या वागण्याला एक नाव आहे, ओडीडी. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ साली काढलेल्या नियमावलीत त्याची आठ लक्षणं दिलीत, त्यातली किमान चार, किमान सहा महिने, आणि ती भावंडांशिवाय निदान आणखी एका माणसाशी दिसायला हवीत, नुसती भाऊ-बहिणीची भांडणं यात धरत नाहीत. पाच वर्षांपुढच्या मुलात साधारण आठवड्यातून एकदा तरी, म्हणजे महिन्यातून एखादा तमाशा यात बसत नाही. आणि हे एकाच ठिकाणी होत असेल, समजा फक्त घरी, तर ते सौम्य मानतात, दोन ठिकाणी असेल तर मध्यम. तुमच्या मुलाचं वर्षभर चाललंय आणि शाळेतूनही थोडी तक्रार आहे, म्हणून एकदा दाखवून घ्या असंच मी म्हणेन. घाबरून नको, पण दाखवा.

दाखवायचं याच्यासाठीही की हट्टाच्या आड दुसरंच काही असू शकतं. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि चंचलता, हे अशा मुलांत बऱ्याचदा बरोबर सापडतं. वाचायला-लिहायला खरंच अवघड जात असेल तर होमवर्कला "नाही" म्हणणं हे लाज लपवणं असतं. ऐकायला कमी येत असेल, झोप पुरत नसेल (या वयाला नऊ ते बारा तास लागते, रात्री अकरापर्यंत फोन चालू असेल तर कुठून होणार), शाळेत किंवा रिक्षात कुणी त्रास देत असेल, तर पोरगं आजारी दिसत नाही, चिडकं दिसतं. तुम्ही लिहिलंय "गेलं वर्षभर". मग वर्षापूर्वी काय झालं? शाळा बदलली, मिस्टरांची शिफ्ट बदलली, धाकटी शाळेत जायला लागली, घरात कुणी गेलं, कुणाचं आजारपण? यावर खरंच बसून विचार करा, डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.

कुठे जायचं, तर आधी तुमचे नेहमीचे मुलांचे डॉक्टर, ते पुढे पाठवतील. पैशांचा प्रश्न असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागात विचारा, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्याचीही चौकशी तिथेच होईल. टेली मानस ही सरकारी फोन सेवा आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही. आणि तो स्वतःला इजा करत असेल, मरण्याची भाषा करत असेल, बहिणीला खरंच लागेल असं मारत असेल किंवा मुक्या जनावराला छळत असेल, तर वर लिहिलेलं काही करून बघत थांबू नका, त्याच आठवड्यात जा.

काउन्सेलर निवडताना एक प्रश्न जरूर विचारा, की तुम्ही पालकांबरोबर काम करता का. मूल आत पाऊण तास आणि आई बाहेर खुर्चीवर मासिक चाळत बसलीय, असं जर दर आठवड्याला चालणार असेल तर या प्रश्नात त्याचा फारसा फायदा होत नाही, कारण भांडण त्या खोलीत होत नाही, तुमच्या हॉलमध्ये होतं. इंग्लंडमधली नाइस ही संस्था डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम काढते, त्यांच्या २०१३ च्या नियमात अशा वागण्यासाठी ३ ते ११ वर्षांच्या मुलांच्या पालकांना ट्रेनिंग द्या असं सांगितलंय, दहा ते सोळा बैठका, आणि नुसत्या हट्टी वागण्यासाठी सरसकट औषध देऊ नका असंही स्पष्ट म्हटलंय. बरोबर एडीएचडी निघालं तर औषधाची गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर म्हणतील ते ऐका. पण "एक गोळी द्या म्हणजे शांत होईल" असं आपणहून मागायला जाऊ नका.

शाळेतल्या बाईंना विश्वासात घ्या. तक्रार ऐकायला जाता तेव्हाच नाही, एकदा मुद्दाम जाऊन सांगा की आम्ही घरी हे करतोय, रोज डायरीत एकच ओळ लिहाल का, आज उलट बोलला की नाही बोलला एवढंच. चांगली ओळ आली की घरी त्याचं काहीतरी छोटं बक्षीस, आजोबांबरोबर जास्तीची चक्कर वगैरे. वाईट ओळ आली तर घरी दुसऱ्यांदा शिक्षा नाही.

आणि धाकटी. "तू मोठा आहेस ना, दे तिला" हे वाक्य महिनाभर बंद ठेवून बघा. चिडवतो तेव्हा बऱ्याचदा त्या वाक्याची परतफेड चाललेली असते.

राहिलात तुम्ही. रात्री रोज रडू येतंय हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी जाणार नाही. झोप, भूक, कशातच मन न लागणं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे आणि डॉक्टरही तुमच्यासाठीही आहेत. थकलेल्या माणसाला शांत आवाजात एकदाच सांगून दहा आकडे मोजणं जमत नाही, कुणालाच नाही. म्हणून त्या चौघांच्या बैठकीत तिसरी गोष्ट ही ठरवा की रोज संध्याकाळी अर्धा तास मुलं दुसऱ्या कुणाकडे तरी असतील आणि तुम्ही घराबाहेर किंवा दार लावून आत.

महिन्याने मला परत लिहा. तो सुधारला की नाही असं मोघम नको, कॅलेंडरवर रोज दोन खुणा करा आणि त्या मोजून पाठवा, फोन किती संध्याकाळी दुसऱ्यांदा न सांगता ठेवला, आणि किती संध्याकाळी तुम्ही चौघंही ठरलेल्यावर टिकून राहिलात. मी दुसरा आकडा आधी बघणार आहे.